एमएला लॉजिक आहे? आधी जेटीवर जा
चिन्हं बघूनच निम्मी पोरं गार पडतात, म्हणून आधी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर कानावर पडतं ते लिहून काढा. बावटा (वादळाच्या इशाऱ्याचा झेंडा) लागला की होड्या जात नाहीत, आज होड्या उभ्या आहेत, म्हणजे बावटा लागलाय. पटलं ना? चुकलं! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदीच असते की. आता बावट्याला 'प', होड्या बंदला 'फ' म्हणा नि ट्रुथ टेबल (खऱ्या-खोट्याच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता) मांडा, दोन विधानांना ४ ओळी, तीन झाली की ८, रोज एक नि हातानेच. प खोटं, फ खरं, म्हणजे बावटा नाही तरी होड्या बंद, ही ओळ दिसली की घोळ कळतो. मग अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह (न्यायशास्त्राचं जुनं पुस्तक) काढा, तिथे अशा फितूर हेतूला (जे सिद्ध करायचं ते नसतानाही सापडणाऱ्या कारणाला) सव्यभिचार म्हणतात (नाव ऐकून हसू नका, परीक्षेत येतं).