क्रीप टेस्टमध्ये सॅम्पल लवकर तुटलं? कंपोझिशनच्या बाबतीत या चुका टाळा

निकेल सुपरअलॉयचं (जेट इंजिनच्या ब्लेडसारख्या खूप तापणाऱ्या भागांसाठीचा मिश्रधातू) सॅम्पल क्रीप टेस्टमध्ये, म्हणजे तापवून सतत ताण दिल्यावर धातू हळूहळू किती ताणला जातो ते बघताना, ठरलेल्या तासांच्या आधी तुटलं की पुढचं बोलणं ठरलेलंच, "रेनियम वाढवूया" नाहीतर "टंगस्टन कमी पडतंय". मीपण हेच म्हणायचो. आता आधी विचारतो, तुटलेला तुकडा कापून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघितला का? कारण बऱ्याचदा रिपोर्टवरचे टक्के बरोबरच असतात, ते मूलद्रव्य जिथे पाहिजे तिथे बसलेलं नसतं एवढंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जड मूलद्रव्यं जितकी जास्त तितका क्रीप कमी, असं धरून चालणं. रेनियम गॅमामध्ये (अलॉयच्या निकेलवाल्या मूळ फेजमध्ये; फेज म्हणजे धातूच्या आतला वेगळ्या रचनेचा भाग) बसतं, निकेलमध्ये फार हळू सरकतं, त्यामुळे डिस्लोकेशनला (अणूंच्या रांगेतल्या दोषाला) क्लाइंब करायला, म्हणजे अडथळा चढून पुढे जायला, वेळ लागतो, हे खरंय, म्हणून तर सीएमएसएक्स-४ सारख्या दुसऱ्या पिढीच्या सिंगल क्रिस्टलमध्ये (अख्खा भाग एकाच स्फटिकाचा असलेल्या अलॉयमध्ये) ते ३ टक्के घातलं आणि तिसऱ्या पिढीत ६ च्या आसपास नेलं. पण गॅमामध्ये रेनियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम सगळ्यांचीच गर्दी झाली की तापून तापून टीसीपी नावाच्या नको असलेल्या, ठिसूळ फेज बाहेर पडायला लागतात, सिग्मा, म्यू वगैरे. एसईएमच्या बॅकस्कॅटर इमेजमध्ये (जड मूलद्रव्यं उजळ दिसतात ती) पांढऱ्या चकचकीत सुया दिसतात, ठरावीक कोनात एकमेकींना छेदणाऱ्या (खरंतर त्या पातळ प्लेट असतात, आडव्या कापल्या गेल्या म्हणून सुया वाटतात). या सुया आजूबाजूचं रेनियम-टंगस्टन ओढून घेतात, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तेच गॅमामधून गायब, वर क्रॅक सुरू व्हायलाही आयती जागा. कमी तासांच्या टेस्ट झकास आणि लांबच्या टेस्ट एकदम ढेपाळल्या, असं दिसलं तर पहिला संशय इथेच घ्या. याच भानगडीत सीएमएसएक्स-१० मध्ये क्रोमियम जेमतेम २ टक्क्यांवर आणावं लागलं, आणि क्रोमियम गेलं की हॉट कॉरोजनची (गरम क्षारांमुळे गंजण्याची) तक्रार आलीच! चौथ्या पिढीत रुथेनियम आलं ते मुख्यतः टीसीपी दाबायला.

वजनी टक्के बघून तुलना करणं हीपण नेहमीची चूक. सीएमएसएक्स-४ मध्ये ३ टक्के रेनियम म्हणजे अणूंच्या हिशोबात जेमतेम १ टक्का, आणि ५.६ टक्के अ‍ॅल्युमिनियम म्हणजे साडेबाराच्या वर. गॅमा प्राइम (गॅमामध्ये बसलेली, ताकद देणारी अ‍ॅल्युमिनियमवाली फेज) किती बनेल हे अणूंवर ठरतं, वजनावर नाही.

इनकोनेल ७१८ चा अनुभव दुसऱ्या अलॉयला लावू नका. तिथे मुख्य ताकद गॅमा डबल प्राइमची, म्हणजे नायोबियमवाल्या फेजची, आणि ६५० डिग्रीच्या वर ती जाड होत होत डेल्टा फेज बनते, त्यामुळे नायोबियम वाढवून तिला ९०० ला टिकवता येत नाही.

आता सेग्रिगेशन, म्हणजे मूलद्रव्यं सगळीकडे सारखी न पसरणं. कास्टिंगमध्ये रेनियम-टंगस्टन डेन्ड्राइटच्या (धातू गोठताना वाढणाऱ्या झाडासारख्या स्फटिकाच्या) गाभ्यात अडकतात आणि अ‍ॅल्युमिनियम-टँटलम मधल्या जागेत ढकलले जातात, आणि स्पेक्ट्रोचा (मूलद्रव्यांचे टक्के मोजणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट देतो तो दोन्हीचा अ‍ॅव्हरेज! सोल्यूशन हीट ट्रीटमेंट (मूलद्रव्यं एकसारखी पसरावीत म्हणून तापवणं) अर्धवट राहिली तर गाभ्यात आधी टीसीपी येणार आणि मधे युटेक्टिकचे (शेवटी गोठलेल्या मिश्रणाचे) ढेकूळ तसेच राहणार, रिपोर्ट मात्र अगदी स्पेकमध्ये. म्हणून कोणी घाईघाईत तापमान एकदम वर नेतं, की मधली जागा वितळायला लागते आणि मग तो जॉब भंगारातच. टप्प्याटप्प्याने वर न्यायचं, शॉर्टकट नाही.

फ्रॅक्चर ग्रेन बाउंड्रीवरून (धातूतल्या दोन स्फटिकांमधल्या सीमेवरून) गेलेलं दिसलं तर मोठ्या आकड्यांकडे बघूच नका, दशांश चिन्हानंतरचे आकडे बघा. मार-एम २४७ या कास्टिंगच्या अलॉयमध्ये बोरॉन साधारण ०.०१५ टक्के, रिपोर्टमध्ये ती ओळ कोणी वाचतसुद्धा नाही, पण बाउंड्रीला धरून ठेवण्यात त्याचा, झिर्कोनियमचा, कार्बनचा आणि हाफ्नियमचा मोठा वाटा. सिंगल क्रिस्टलमध्ये बाउंड्रीच नसते म्हणून तिथे हे जवळजवळ काढून टाकतात, आणि तीच रेसिपी कोणी साध्या कास्टिंगला वापरली की झालं कल्याण. उलट बिस्मथ, शिसं हे स्क्रॅपमधून शिरले तर पीपीएममध्येच वाट लावतात.

आणि एक चूक, जिचा कंपोझिशनशी काही संबंधच नाही. एकदा लागोपाठ सॅम्पल लवकर तुटत होते, आम्ही बसलो केमिस्ट्रीवर वाद घालत, शेवटी कळलं की जुना थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तापमान कमी दाखवत होता आणि भट्टी बिचारी ते भरून काढायला वर जात होती. लार्सन-मिलरने (तापमान आणि तुटायचे तास जोडणाऱ्या सूत्राने) हिशोब करून बघा, स्थिरांक २० धरा आणि तापमान केल्विनमध्ये घ्या (सेल्सियस टाकणारे कमी नाहीत). ९८० डिग्रीला १००० तास टिकणारं सॅम्पल ९९० ला साधारण ६६० तासांत तुटतं, आणि १०१० ला २९० मध्येच. आमची भट्टी दहा-बारा डिग्रीच वर होती, थर्मोकपल बदलला, त्याच हीटचे (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे) उरलेले सॅम्पल लावले आणि ते पूर्ण तास चालले.