पासष्टी जवळ आली की: मेडिकेअरची नोंदणी कधी आणि कशी करावी

मध्यम वयात अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या, किंवा मुलांच्या पाठोपाठ ग्रीन कार्डावर आलेल्या मराठी मंडळींशी मेडिकेअरविषयी, म्हणजे अमेरिकन सरकारच्या पासष्टीनंतरच्या आरोग्यविम्याविषयी, बोलताना बहुतेक वेळा पहिला प्रश्न ‘योजना कोणती घ्यावी?’ असा येतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. तुमचा हक्क कशाच्या आधारे मिळणार आहे आणि त्याची मुदत नेमक्या कोणत्या महिन्यात उघडते, हे आधी निश्चित करावे. कारण योजना पुष्कळदा पुढे बदलता येते, पण मुदत चुकल्याचा दंड बहुतेकांच्या प्रीमियममध्ये कायमचा जोडला जातो.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1965 साली ज्या कायद्यावर सही केली त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यातील पार्ट ए रुग्णालयातील दाखल उपचारांसाठी आणि पार्ट बी डॉक्टर, तपासण्या व बाह्यरुग्ण सेवांसाठी आहे. पार्ट डी औषधांचा विमा आहे. पार्ट सी, म्हणजे मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, हा खासगी कंपनीमार्फत मिळणारा पर्यायी मार्ग असून तो घेण्यासाठीही ए आणि बी दोन्ही असावे लागतात. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन 67 व्या वर्षी मिळते, म्हणून मेडिकेअरही 67 ला सुरू होते असा समज आपल्या लोकांत बराच पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. मेडिकेअरचे वय 65 च आहे.

नोंदणीची पहिली मुदत सात महिन्यांची असते: 65 पूर्ण होण्याच्या महिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन महिने. आधीच्या तीन महिन्यांत अर्ज केल्यास विमा त्या महिन्याच्या 1 तारखेपासून सुरू होतो. नंतर केल्यास अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून. येथे आपल्याकडच्या एका जुन्या प्रथेचा थेट संबंध येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावून टाकली, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात आणि त्यांच्या पासपोर्टपासून नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत तीच तारीख चालत आलेली असते. ज्याची जन्मतारीख महिन्याची 1 आहे, त्याचे वय कायद्याच्या हिशेबाने आदल्या दिवशी पूर्ण होते; त्यामुळे 1 जूनवाल्यांचे मेडिकेअर 1 मेपासून सुरू होऊ शकते आणि त्यांची सात महिन्यांची मुदत फेब्रुवारीत उघडून ऑगस्टअखेर संपते. घरी वाढदिवस श्रावणात साजरा होत असला तरी सरकारदरबारी कागदावरचीच तारीख धरली जाते, म्हणून हिशेब तिच्यावरून करावा.

आता हक्काच्या आधाराविषयी. स्वतःच्या नोकरी-व्यवसायातून सोशल सिक्युरिटीचे 40 क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम, जमा झालेले असेल तर पार्ट एला प्रीमियम लागत नाही. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात आणि 2025 साली एका क्रेडिटसाठी 1,810 डॉलरची कमाई पुरेशी होती, त्यामुळे अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांचीही वर्षे यात मोजली जातात. मात्र भारतातील नोकरीची वर्षे यात धरली जात नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नाही. विद्यार्थी व्हिसावरची सुरुवातीची वर्षेही बहुधा गळतात, कारण त्या काळात सोशल सिक्युरिटीचा कर कापलेलाच नसतो. पंचावन्नाव्या वर्षी आलेल्या माणसाला म्हणूनच आपले क्रेडिट मोजून पाहणे अगत्याचे आहे. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर खाते उघडले की वर्षनिहाय कमाईची नोंद दिसते. ती पासष्टीच्या कितीतरी आधी तपासावी आणि एखाद्या वर्षापुढे शून्य दिसले तर जुने डब्ल्यू-2 (कंपनीने दिलेले वार्षिक पगारपत्रक) शोधून दुरुस्ती करून घ्यावी. क्रेडिट 30 पेक्षा कमी असतील तर 2025 साली एकट्या पार्ट एचा प्रीमियम महिना 518 डॉलर होता, यावरून या तपासणीचे मोल कळावे.

ज्या भगिनी एच-4 वर, म्हणजे पतीच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आल्या आणि ज्यांना येथे नोकरी करता आली नाही, त्यांना पतीच्या क्रेडिटवर विनामूल्य पार्ट ए मिळतो. त्यासाठी विवाहाला किमान एक वर्ष झालेले असावे आणि पती निदान 62 वर्षांचा असावा. पत्नी वयाने मोठी असलेल्या घरांत ही 62 ची अट आडवी येते.

क्रेडिट पूर्ण असले तरी इमिग्रेशनचा दर्जाही आता निर्णायक झाला आहे. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेअरचा हक्क नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या गटांपुरता मर्यादित केला. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पगारातून मेडिकेअरचा कर भरलेला असला, तरी केवळ त्या बळावर हक्क मिळेल असे त्यांनी गृहीत धरू नये. हा अन्याय आहे असे मला वाटते, पण नियोजन कायद्याप्रमाणेच करावे लागते.

पासष्टीनंतरही नोकरी चालू ठेवणाऱ्यांच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो. तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या चालू नोकरीतून गटविमा मिळत असेल आणि त्या कंपनीत 20 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो आणि दंड लागत नाही. 20 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी मेडिकेअर हाच पहिला विमा मानला जातो आणि कंपनीचा विमा त्यानंतर येतो. एखाद्या छोट्या कन्सल्टिंग कंपनीत किंवा ओळखीच्या माणसाच्या दुकानात नोकरी करणाऱ्याने पार्ट बी घेतला नाही, तर मेडिकेअरने द्यायचा वाटा कोणीच देत नाही आणि बिल थेट घरी येते. त्यामुळे ‘ऑफिसचा विमा आहे’ एवढ्यावर समाधान न मानता एचआरला कर्मचाऱ्यांच्या संख्येबद्दल लेखी विचारावे.

नोकरी सुटल्यावर किंवा तिचा विमा संपल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यापासून, पार्ट बीसाठी आठ महिन्यांची विशेष मुदत मिळते. कोब्राचा विमा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा, किंवा निवृत्तांसाठीचा विमा चालू नोकरीचा विमा म्हणून धरला जात नाही. अठरा महिन्यांचा कोब्रा घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाचे आठ महिने मधल्या मध्ये उलटून जातात आणि मग त्याला 1 जानेवारी ते 31 मार्च या वार्षिक मुदतीची वाट पाहावी लागते. दंड असा आहे: उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे पार्ट बीच्या प्रीमियमच्या दहा टक्के. 2025 साली मूळ प्रीमियम 185 डॉलर होता; पूर्ण तीन वर्षे उशीर केलेल्याला त्या वर्षी महिना 55.50 डॉलर अधिक भरावे लागले असते आणि मूळ प्रीमियम वाढत जाईल तसा दंडही वाढत जातो. औषधांच्या पार्ट डीची मुदत याहून आखूड आहे. मेडिकेअरच्या तोडीचा औषधविमा सलग 63 दिवस किंवा त्याहून अधिक काळ नसेल तर तेथेही दंड लागतो. आपला विमा त्या तोडीचा असल्याचे पत्र कंपनी दर शरद ऋतूत पाठवते. ते पत्र जपून ठेवावे.

ज्यांचे एचएसए, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीचे करसवलतीचे बचत खाते, आहे त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पासष्टीनंतर अर्ज केल्यास पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागील तारखेने लागू होतो आणि मेडिकेअर असताना एचएसएमध्ये पैसे भरता येत नाहीत. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी ते भरणे थांबवावे.

आपल्याकडे पतिपत्नींच्या वयात चार-पाच वर्षांचे अंतर असणे सर्वसामान्य आहे आणि येथे मेडिकेअर भारतातील ‘फॅमिली फ्लोटर’पेक्षा अगदी वेगळे ठरते. मेडिकेअर प्रत्येकाचे स्वतंत्र असते. पती 65 ला निवृत्त झाला, त्याचे कार्ड आले, घरात पेढे वाटले गेले, आणि 61 वर्षांच्या पत्नीचा विमा मात्र पतीच्या नोकरीबरोबर संपला, ही स्थिती ओढवू नये यासाठी निवृत्तीची तारीख ठरवण्यापूर्वीच तिच्या चार वर्षांची सोय पाहावी: तिची स्वतःची नोकरी, कोब्रा किंवा मार्केटप्लेसवरील (सरकारी विमा-बाजारातील) योजना. अनेकदा पतीने आणखी वर्ष-दोन वर्षे नोकरी करणे हाच स्वस्त उपाय निघतो.

मुलांनी बोलावलेल्या आईवडिलांची गोष्ट निराळी. वय 65 पूर्ण असले आणि येथे कामाचे क्रेडिट नसले, तर ग्रीन कार्डावर अर्जापूर्वीची सलग पाच वर्षे येथे वास्तव्य झाल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते. मुलगा किंवा सून कितीही वर्षे नोकरीत असली तरी त्यांचे क्रेडिट आईवडिलांच्या उपयोगी पडत नाहीत. पार्ट ए आणि बी दोन्ही घेतल्यास 2025 च्या दराने एका माणसाचे महिना 703 डॉलर होत असत. केवळ पार्ट बीही घेता येतो, मात्र बी न घेता ए विकत मिळत नाही. या मंडळींची सात महिन्यांची मुदत पाच वर्षे पूर्ण होण्याच्या महिन्याभोवती मोजली जाते, तेव्हा ग्रीन कार्डावरील तारीख मुलांनी टिपून ठेवावी. मधल्या काळात सहा महिन्यांहून लांब भारतमुक्काम झाला तर वास्तव्य सलग होते का, हा प्रश्न उभा राहू शकतो. ती पाच वर्षे पाहुण्यांसाठीच्या प्रवासी विम्यावर काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. असे विमे बहुधा आधीपासूनचे आजार वगळतात, आणि सत्तरीच्या माणसाला रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासूनच असण्याचा संभव मोठा.

मुदत समजली की मग योजनेचा विचार. मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बीच्या सेवांचा 20 टक्के खर्च तुमच्याकडे राहतो आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणून त्याला जोडून खासगी पूरक विमा, ज्याला मेडिगॅप म्हणतात, घेतला जातो. वय 65 पूर्ण असून पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅप कंपनी तुमच्या आजारांवरून तुम्हाला नाकारू शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत नाकारू शकते. आरंभी मी योजना पुष्कळदा बदलता येते असे म्हटले, त्याला हा मोठा अपवाद आहे. अ‍ॅडव्हांटेज योजनेचा प्रीमियम कमी असतो, दात-डोळ्यांच्या काही सोयीही मिळतात, पण डॉक्टरांचे जाळे ठरलेले असते आणि अनेक गोष्टींना पूर्वपरवानगी लागते. हिवाळा पुण्यात किंवा कोल्हापुरात काढणाऱ्यांनी हेही पाहावे की सलग सहा महिन्यांहून अधिक काळ सेवाक्षेत्राबाहेर राहिल्यास अ‍ॅडव्हांटेज योजनेतून सामान्यतः नाव काढले जाते. माझे मत विचाराल तर, परवडत असेल आणि भारतात येणे-जाणे असेल तर मूळ मेडिकेअर, मेडिगॅप आणि पार्ट डी ही जोडी अधिक निर्धास्त आहे.

भारतातील उपचारांचे पैसे मूळ मेडिकेअर देत नाही. प्लॅन जी किंवा एन यांसारखे काही मेडिगॅप विमे प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांतील तातडीच्या उपचारांचा 80 टक्के खर्च देतात, तोही 250 डॉलर स्वतः भरल्यावर आणि आयुष्यभरात मिळून 50,000 डॉलरपर्यंत. त्याहून लांब मुक्कामासाठी वेगळी तजवीज हवी. कायमचे भारतात परतणाऱ्यांनी पार्ट बी बंद करण्याआधी पुन्हा यावे लागण्याची शक्यता नीट तोलावी. परत आल्यावर वार्षिक मुदत आणि दंड दोन्ही वाट पाहत असतात.

प्रीमियम उत्पन्नावरही अवलंबून असतो आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे टॅक्स रिटर्न पाहिले जाते. 2025 साली एकट्याचे उत्पन्न 1,06,000 डॉलरच्या किंवा पतिपत्नीचे एकत्रित उत्पन्न 2,12,000 डॉलरच्या वर असेल तर अधिभार लागत असे. निवृत्तीमुळे उत्पन्न घटले असेल तर एसएसए-44 हा फॉर्म भरून तो कमी करून घेता येतो. परंतु वडिलोपार्जित जागा किंवा ठाण्यातील फ्लॅट विकून झालेला नफा हे कारण त्या फॉर्मवर चालत नाही, आणि तो नफा अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो. विक्री जर करायचीच असेल तर ती 63 व्या वर्षाच्या आधी उरकणे सोयीचे.

प्रत्यक्ष अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करायचा असतो, ऑनलाइन, फोनवर किंवा कार्यालयात जाऊन. पासष्टीपूर्वी निदान चार महिने सोशल सिक्युरिटीचे वेतन सुरू झालेले असेल तर ए आणि बी आपोआप लागू होऊन कार्ड टपालाने येते. नोकरी संपल्यावर पार्ट बी घेणाऱ्यांना सीएमएस-40बी हा अर्ज आणि कंपनीकडून भरून घेतलेला सीएमएस-एल564 असे दोन कागद लागतात. दुसरा कागद कंपनी सोडण्यापूर्वीच भरून घ्यावा, कारण नंतर एचआरचा फोन लागत नाही हा सार्वत्रिक अनुभव आहे. पासपोर्टावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर केवळ आद्याक्षर, असा फरक असेल तर तो अर्जाआधीच मिटवावा.

शंका असल्यास आपल्या राज्यातील शिप या सरकारी विमा-साहाय्य कार्यक्रमाच्या समुपदेशकांची वेळ घ्यावी. सेवा विनामूल्य आहे आणि त्यांना कोणतीही योजना विकायची नसते. एजंटला मात्र योजना विकल्यावर कमिशन मिळते, मग तो कितीही परिचयाचा असो. इंग्रजीत बोलण्याचा संकोच असणाऱ्या वडीलधाऱ्यांना सोशल सिक्युरिटीकडे दुभाषा मागता येतो, त्याचेही पैसे पडत नाहीत. 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या वार्षिक बदलाच्या काळात विक्रेत्यांचे आणि भामट्यांचे फोन वाढतात. मेडिकेअर आपणहून फोन करून कार्डाचा अकरा अंक-अक्षरांचा क्रमांक विचारत नाही, हे आईवडिलांना त्यांच्या भाषेत, दोनदा सांगून ठेवावे.