वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा : आधी तारखा, मग अर्ज

वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलीचा हक्क किती, याचे उत्तर हिंदू वारसा कायद्यात वेळोवेळी बदलत गेले आहे. म्हणून वारसनोंदीचा अर्ज करण्यापूर्वी घरातील मृत्यू, विवाह आणि वाटण्या यांच्या तारखा एका कागदावर मांडून घ्याव्यात. (हा कायदा बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे, अनुसूचित जमातींना मात्र सामान्यतः नाही, आणि गोव्यात वेगळा नागरी कायदा चालतो.)

त्या तारखा पुढील टप्प्यांशी ताडून पाहाव्यात. १७ जून १९५६ पासून स्त्रीच्या ताब्यातील हयातीपुरती मालमत्ता बहुतांशी तिच्या पूर्ण मालकीची झाली, त्यामुळे जुन्या फेरफारात (मालकीबदलाच्या महसुली नोंदीत) आजीचे नाव असल्यास ते दुर्लक्षू नये. मुलीला मात्र तेव्हा एकत्र कुटुंबातील वडिलांच्या हिश्श्यातच वाटा मिळाला. आई आधीच वारलेली, दोन भाऊ व एक बहीण असे कुटुंब घेतल्यास वडिलांच्या १/३ हिश्श्याचे तीन समान भाग होऊन बहिणीला १/९ आणि प्रत्येक भावाला ४/९ येत असे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहदायाद (मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क असलेली हिस्सेदार) मानले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून; जणू लग्नपत्रिकाच जमिनीचा कागद ठरली. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. वरील कुटुंबात बहिणीचा हिस्सा आता १/३ होतो. तथापि २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. ‘तोंडी वाटप झाले होते’ हे उत्तर भक्कम सरकारी कागदांच्या पुराव्याशिवाय सहसा टिकत नाही.

यानंतर जुने फेरफार काढावेत आणि मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. ‘मुलींची लग्ने झाली आहेत’ या सबबीवर नावे गाळली जातात, तेव्हा यादी स्वतः वाचावी. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीची मुदत साधारण १५ दिवसांचीच असते. ‘नोंदीपुरती सही’ म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो, आणि ते एकदा नोंदणीकृत झाले की रद्द करून घेणे फार अवघड जाते.

सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे वाटणी नव्हे. सर्वांची संमती असल्यास तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करावा. नसल्यास दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा, त्यातच विक्रीस मनाईहुकूम मागावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) नोंदवून ठेवावी.