'जमलं तर बघ' म्हणजे नक्की कधी?

पहिल्या नोकरीचा दुसरा आठवडा. मॅनेजर माझ्या टेबलापाशी थांबले, "जमलं तर आज तो रिपोर्ट बघून घे," म्हणाले आणि गेले. दिवसभर दुसरंच काम चालू होतं. जमलं नाही. सहाला मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट मागितला तेव्हा मी म्हटलं, "जमलं तर म्हणाला होतात. नाही जमलं." शेजारी कुणीतरी खुसकन हसलं. सरांना तो उर्मटपणा वाटला. मला वाटत होतं, खरं तेच तर सांगितलं.

मी ऑटिस्टिक आहे. (मराठीत त्याला म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला पटत नाही. मी स्वतःत कुठली मग्न, समोरच्याच्या वाक्यात अडकलेली असते.) नोकरीत नव्याने येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हे लिहितेय.

आडून बोललेलं मला कळतच नाही असं नाही. टोमणा कळतो, पण जिना उतरताना, नाहीतर रात्री अंथरुणावर पडल्यावर. बोलणं चालू असताना शब्द, सूर आणि चेहरा एकदम लावून बघायला वेळ पुरत नाही. त्यातून तोंडाने 'काही हरकत नाही' आणि हातातली फाइल टेबलावर आदळलेली, असं असेल तर मी शब्द धरते. तिथेच फसते.

सुरुवातीला मी वहीत वाक्यं आणि त्यांचे छुपे अर्थ लिहायचे. काही उपयोग झाला नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'सूर्य मावळला' या वाक्याचं उदाहरण देतात: ऐकणारा गुराखी असेल तर गुरं वळवायची वेळ झाली, प्रेयसी असेल तर भेटीला निघायची. वाक्य एकच. मग मी वाक्यांऐवजी माणसांच्या नावाने पानं केली. एकाचं 'बघू' म्हणजे नाही. दुसरी 'बघू' म्हणते आणि दोन दिवसांनी खरंच बघून कळवते.

विचारायला लाजू नका, पण "म्हणजे काय?" असं विचारू नका. ऐकणाऱ्याला उलटतपासणी वाटते. दोन पर्याय ठेवा: "आज सहापर्यंत हवाय, की उद्या सकाळी चालेल?" त्यावरही "तुझ्या सोयीने" आलं, तर वेळ आपणच घालून मेसेज टाका: "उद्या अकरापर्यंत देते." चुकलं असेल तर बहुतेक जण लगेच दुरुस्त करतात. मीटिंगमध्ये न कळता मान डोलावणं मात्र महागात पडतं. मी वर्षभर डोलावली.

दोन-चार ठेचा खाल्ल्यावर उलटं खूळ शिरतं, तेही सांगून ठेवते. "छान झालंय" असं कुणी म्हटलं की मी त्यातली खोच शोधत बसायचे. एकदा धीर करून विचारलं, तर समोरची म्हणाली, "अगं, छान झालंय म्हणजे छान झालंय!"

हे सगळं आपल्याच डोक्यातलं वैगुण्य, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने याला दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हटलं: न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून गोष्ट कानोकानी पुढे सरकवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच टिकली. जास्त गळती झाली मिश्र साखळीत.

मला ते पटलं एका नव्या मुलीमुळे. तिला काम देताना मी म्हटलं, "याची काही घाई नाही." सकाळी काम तयार, तिचे डोळे लाल. रात्री दोनपर्यंत जागली होती.

"अगं, घाई नाही म्हटलं होतं ना मी?"

"हो ना, म्हणून तर कळलं की घाई आहे."

तेव्हापासून मी कुणालाही काम देताना तारीख लिहून देते.