परसात तुती लावताय? मग आधी सिकेटर घ्या

तुती लावणं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकते. काडी खुपसली तरी जगणारं झाड आहे ते. अवघड आहे ते झाड परसात मावेल एवढं ठेवणं आणि त्याच्याकडून हाताला येतील अशी फळं काढून घेणं, आणि या दोन्हीला औषध एकच, द्राक्षवाले वापरतात ती सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. आमच्याकडं पहिली तीन वर्षं कुणाची छाटायची हिंमतच झाली नाही, "चांगलं वाढतंय, कशाला हात लावतेस" असं सासूबाई म्हणायच्या, मग काय, झाड गेलं गच्चीच्या वर, फळं सगळी शेंड्याला, ती खाल्ली बुलबुलांनी आणि आम्ही खालून माना वर करून बघत बसलो.

तर काडीपासून सुरू करू. काडी घ्यायची ती फळं देणाऱ्या झाडाचीच, तुम्ही स्वतः ज्याची फळं खाल्लीत अशा झाडाची असेल तर उत्तमच. कारण तुतीत बऱ्याचदा नर झाड वेगळं नि मादी झाड वेगळं असतं. मी पहिल्यांदा एका नर्सरीतून हौसेनं रोप आणलं, दोन वर्षं सांभाळलं, त्याला नुसते हिरवे-पिवळे तुरे लोंबायचे आणि आठवड्यात वाळून गळायचे, फळ एक नाही. नर निघालं ते! रेशीमवाल्यांकडून काडी आणायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या, बीड-जालन्याकडं व्ही-१ सारख्या जाती लावतात त्या पाल्यासाठी निवडलेल्या, किड्यांना खाऊ म्हणून. आपल्याला पाहिजेत ती महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या शेजारी विकायला असतात तसली काळी, आंबटगोड फळं. हल्ली ती बोटापेक्षा लांब तुती पण मिळते, ती गोड असते पण काडीवर पटकन मुळं धरत नाही, तिचं कलमच विकत आणा.

काडी पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली, ६ ते ८ महिन्यांची. हिरवी कोवळी घेतली की कुजते. लांबी ७-८ इंच, तिच्यावर ३-४ डोळे, म्हणजे जिथून फुटवा येतो त्या गाठी, पाहिजेत, खालचा काप तिरका आणि वरचा सरळ द्या म्हणजे कुठली बाजू मातीत जाणार ते कळतं. हसू नका, मी चार काड्या उलट्या लावून महिनाभर पाणी घातलंय. पिशवीत निम्मी माती, थोडी वाळू, थोडं शेणखत, काडीचे दोन डोळे आत आणि बाकीचे वर, ठेवायची सावलीत. १०-१५ दिवसांत फुटवा येतो आणि आपण खूश होतो, पण तेव्हा मुळं नसतात, काडी स्वतःच्या साठ्यावर पानं काढत असते, म्हणून उपटून बघायचा मोह आवरा. कधीकधी त्या चिमुकल्या काडीला एखादं फळ पण धरतं, ते तोडून टाका, जीव मुळांकडं जाऊ दे. ३ महिन्यांनी रोप जागेवर न्यायला तयार होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला काड्या लावल्या तर पाण्याची कटकट कमी.

जागा निवडताना घाई नको. ऊन ६ तास तरी पाहिजे, आणि ड्रेनेजची लाइन, सेप्टिक टँक, कंपाउंडची भिंत यांपासून १०-१५ फूट लांब, तुतीची मुळं पाण्याच्या वासानं कुठंही जातात. दुसरं, गाडी लावायची जागा किंवा कपडे वाळत घालायची दोरी जवळ नको, पिकलेलं फळ पडलं की जांभळा डाग आणि पक्ष्यांनी खाल्लं तरी जांभळाच डाग. खड्डा दीड फूट बाय दीड फूट, त्यात शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. जागाच नसेल तर १८-२० इंची कुंडीतसुद्धा तुती मस्त येते. पहिलं वर्ष नियमित पाणी, नंतर आळ्यात पाचोळा टाकून ठेवला की आठवड्यातून एकदोनदा पुरतं, फक्त चिखल नको.

आता मुख्य काम. रोप गुडघ्यापर्यंत आलं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील, त्यातल्या ४-५ दमदार ठेवायच्या. तुतीला फळ येतं ते नव्या फुटव्यावर, पान आणि फळ एकाच डोळ्यातून बरोबर निघतं. म्हणून जुनी फांदी जितकी जपाल तितकं फळ कमी. दुसऱ्या वर्षापासून पाऊस संपला की सगळ्या फांद्या एक तृतीयांश कापा, आतल्या बारक्या, एकमेकींवर घासणाऱ्या काढून टाका आणि उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा, सगळी! झाड भुंडं दिसतं, शेजारचे विचारतात मेलं का. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात. घमेलंभर शेणखत द्या, पाणी वाढवा, साधारण दीड-दोन महिन्यांत फळं पिकायला लागतात. उंची ६-७ फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, मग जुनी साडी टाकून आख्खं झाड झाकता येतं, बुलबुल बसतात बोंबलत.

रोगराई फार नाही. शेंड्याची पानं आवळून गोळा झाली तर आत पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी पिठासारखी दिसणारी कीड असते, असा शेंडा कापून जाळा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यातून मारा. फळं धरल्यावर मात्र काही मारू नका.

तोडायचं ते पूर्ण काळं झालेलंच, बोट लावलं की सुटतं ते. लाल असताना तोडलं तर पुढं गोड होत नाही, आणि कच्च्यात चीक असतो, जास्त खाल्लं की पोट बिघडतं, पोरांवर लक्ष ठेवा. फ्रीजमध्ये २-३ दिवस, त्यापुढं टिकत नाही, जॅम करा किंवा वाटून टाका. हाताला लागलेला रंग कच्च्या तुतीनं चोळला की बराचसा जातो.

बहार संपला की पुन्हा एक छाटणी. छाटलेला पाला शेळ्या आवडीनं खातात, पण काड्या मातीत रोवून ठेवू नका. मी गेल्या पावसाळ्यात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून तुतीच्या चार फांद्या रोवल्या, दोडका कधीच संपला, त्या चारही फुटल्यात आणि आता मी त्यांच्यासाठी जागा शोधत फिरतेय.