रिबिल्ट टायटलची गाडी: किंमत आधी स्वतः काढा, मग विकणाऱ्याची ऐका

दर ऑगस्टमध्ये आणि मग परत जानेवारीत आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला नवीन मुलं येतात, आणि महिन्याभरात त्यातलं एक तरी फोन करतं की ताई, एक गाडी भारी स्वस्तात मिळतेय, फक्त टायटल, म्हणजे मालकीचा कागद, रिबिल्टचं आहे, घेऊ का? लायसन्स, बँक, घर हे तुमचं तुम्ही कराल, त्यावर मी काही लिहीत नाही. पण ह्या एका बाबतीत आम्ही २०१३ साली चांगलेच पोळलो आणि गेल्या दोन वर्षांत तीन मुलांना तसंच पोळताना बघितलं, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे जुनी गाडी घेताना विचारतात किती चाललीये, कितवा मालक. आरसी बुकावर ॲक्सिडेंटचं काही छापलेलं नसतं, त्यामुळे टायटल नावाच्या कागदाचं वजन आपल्या लक्षातच येत नाही. इथे अमेरिकेत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार झाला की इन्शुरन्सवाले ती टोटल करतात, म्हणजे निकालात काढतात, तिला सॅल्व्हेज, म्हणजे भंगारातलं, टायटल लागतं, मग कोणीतरी ती लिलावात उचलतो, दुरुस्त करतो, राज्याची तपासणी होते आणि टायटलवर रिबिल्टचा शिक्का बसतो. तो शिक्का मग कधीच निघत नाही. टोटल करायची मर्यादा राज्याप्रमाणे बदलते, ओक्लाहोमात ६० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५, टेक्सासमध्ये थेट १००. म्हणजे शिक्का तोच पण एका गाडीचं बंपर-दरवाजा गेलेला आणि दुसरीचा सांगाडाच वाकलेला असू शकतो. आणि "स्टेटने पास केलीये" ह्यावर अजिबात जाऊ नका, बऱ्याच राज्यांत ती तपासणी मुख्यतः पार्ट चोरीचे नाहीत ना आणि कागद बरोबर आहेत ना एवढ्यापुरती असते, दुरुस्ती किती चांगली झाली ते कोणी उघडून बघत नाही.

आता किंमत. केली ब्लू बुक ह्या गाड्यांच्या किमती सांगणाऱ्या साइटवर गाडीचं मॉडेल, वर्ष, मायलेज टाका आणि प्रायव्हेट पार्टीचा, म्हणजे माणसाने माणसाला थेट विकायचा, आकडा घ्या, डीलरचा नाही. तो आकडा स्वच्छ टायटलचा असतो. त्यातून रिबिल्टसाठी साधारण २० ते ४० टक्के कमी करतात. सगळी गंमत विकणारा सुरुवात कुठून करतो आणि किती टक्के लावतो त्यात आहे. समजा प्रायव्हेट पार्टीचा आकडा १२,००० डॉलर आहे आणि तीच गाडी डीलरकडे १४,००० ला लागलीये. विकणारा म्हणतो मी १४,००० मधून २५ टक्के कमी लावलेत, १०,५०० द्या. ऐकायला रास्त वाटतं. पण १२,००० मधून ३५ टक्के काढले तर ७,८०० होतात. हा २,७०० चा फरक म्हणजे तुमचं दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं आहे. कागद-फोटो सगळं समोर असेल, मार किरकोळ असेल तर २० च्या बाजूला जा, काहीही झाकलेलं वाटलं तर ४० च्या. टायर, ब्रेक करायचे असतील तर ते त्यातून अजून वेगळे वजा.

पण टक्के लावायच्या आधी गाडी टोटल कशाने झाली हे कळलंच पाहिजे, आणि हे मी दहा वेळा सांगेन. आम्ही घेतलेली गाडी एका ओळखीच्या माणसाने आणलेली, आपलाच मराठी माणूस, गणपतीत भेटलेला. म्हणाला मागून कोणीतरी ठोकलेली, बाकी काही नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ न्यू जर्सीवर आलं होतं आणि आम्ही गाडी घेतली पुढच्या एप्रिलमध्ये, ९,२०० डॉलर रोख देऊन. २६ जुलै २००५ ला मुंबईत बुडलेल्या गाड्या नंतर कशा रडवायच्या हे माझ्या सख्ख्या काकांनी अनुभवलेलं, तरी मला इथे तो विचार शिवला नाही. पहिल्या थंडीत पॉवर विंडो गेल्या, मग डॅशबोर्डवरचे दिवे आपोआप लागायला लागले, मग एकदा रूट १ वर संध्याकाळच्या गर्दीत गाडी बंद पडली आणि मागे माझी चार वर्षांची मुलगी बसलेली. वायरिंग आतून हिरवं पडलं होतं, म्हणजे गाडी पाण्यात बुडून आलेली. चौदा महिन्यांनी ती ३,००० ला गेली. त्यामुळे पाण्यातली गाडी असेल तर टक्के लावूच नका, सोडून द्या.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, मागा आणि तो गूगल करा, कोपार्टसारख्या लिलावाचे जुने फोटो बऱ्याचदा सापडतात, दुरुस्तीच्या आधीचे. इन्शुरन्समधली फसवणूक शोधणाऱ्या एनआयसीबी संस्थेचा व्हीआयएनचेक फुकट आहे. कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट, घ्या पण त्यात नाही म्हणजे घडलंच नाही असं समजू नका. गाडीत सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ तिथे राहते, सीटखालचे बोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खाली माती आहे का. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे, लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. एअरबॅग बदललेली असेल तर पार्टची पावती मागाच, एअरबॅग फुगवणारे बनावट इन्फ्लेटर फुटून माणसं दगावल्यावर २०२४ मध्ये एनएचटीएसए ह्या रस्ते-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने त्याबद्दल इशारा दिलाय. आणि विकणाऱ्याच्या नाही, तुमच्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा. त्याचे पैसे वाचवू नका.

पैसे द्यायच्या आधी इन्शुरन्सला फोन करा, नंतर नाही. लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर, मिळते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर रिबिल्टला बऱ्याच कंपन्या देत नाहीत, आणि दिलंच तरी उद्या गाडी गेली तर पैसे रिबिल्टच्याच भावाने मिळतात. बँका कर्ज द्यायला सहसा तयार नसतात, म्हणजे तुमच्याकडून घेणाराही रोखवालाच लागणार, ते किमतीत धरा.

एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी हे जास्त लक्षात घ्या. नोकरी गेली तर देश सोडायला किंवा दुसरी सोय करायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, त्यात सामान, घराचं लीज, सगळं आवरायचं असतं, आणि रिबिल्ट गाडी तेवढ्या घाईत चांगल्या भावाने विकत नाही, बरेच डीलर तर हातच लावत नाहीत. दहा-बारा वर्षं जुनी गाडी असेल, मार कुठे लागला ते फोटोत दिसत असेल आणि ती शेवटपर्यंत वापरायची असेल तर खुशाल घ्या, माझ्या भाच्याने तशीच घेतली आणि पाच वर्षं उत्तम चालली. दोन-तीन वर्षांपूर्वीची नवीकोरी दिसणारी रिबिल्ट मात्र विद्यार्थ्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपला माणूस आहे म्हणून कागद मागायला संकोच करू नका. इथे जुने झालेले आपलेच काही लोक लिलावातून गाड्या आणून नवीन मुलांना विकतात, त्यातले काही सचोटीचे आहेत, ते स्वतःहून फोटो दाखवतात. जो "विश्वास नाही का" म्हणतो त्याच्याकडून उठून या. टायटलवर विकणाऱ्याचं स्वतःचं नाव आहे आणि ते त्याच्या लायसन्सशी जुळतंय हे बघा, तिसऱ्याच माणसाचं नाव असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स तुम्हाला मोटर व्हेइकलच्या ऑफिसात भरायचाय, तेवढे पैसे बाजूला ठेवूनच घासाघीस करा.