अध्यक्ष कोण, सभापती कोण? विधिमंडळाबद्दल लिहिता-बोलताना या चुका टाळा

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की चुकांचंही अधिवेशन भरतं. ‘विधान परिषदेचे अध्यक्ष’ बातमीत हजेरी लावतात, उपमुख्यमंत्र्यांना घटनेत जागा मिळते आणि बहुमताचा आकडा म्हणून १४५ हा कुठेही चिकटवला जातो. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तर काही चुका पिढ्यानपिढ्या उतरवल्या जातात. बातम्यांच्या कॉपी तपासताना मी यावर एक साधा उपाय करतो. पदाबद्दल शंका आली की दोन प्रश्न विचारायचे. याला निवडलं कुणी? आणि राजीनामा द्यायची वेळ आली तर तो कुणाच्या हातात द्यायचा? बहुतेक घोळ इथेच निस्तरतो.

पीठासीन अधिकाऱ्यांपासून सुरुवात करू. विधानसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, विधान परिषदेत सभापती आणि उपसभापती. हे पाठ असणारेही अडखळतात ते पद रिकामं असताना. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं, तेव्हा राजीनामा गेला उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे. राज्यपालांकडे नाही, मुख्यमंत्र्यांकडे नाही आणि पक्षाकडे तर नाहीच. राज्यघटनेच्या १७९व्या अनुच्छेदात तसंच आहे. अध्यक्ष उपाध्यक्षांकडे राजीनामा देतो आणि उपाध्यक्ष अध्यक्षांकडे. साधा आमदार आपल्या सभागृहाच्या प्रमुखाकडे देतो, म्हणजे विधानसभेचा अध्यक्षांकडे आणि परिषदेचा सभापतींकडे. त्यामुळे ‘आमदारांनी राज्यपालांना भेटून राजीनामा सादर केला’ असं वाक्य दिसलं की थांबायचं. राज्यपालांकडे जातो तो मुख्यमंत्र्यांचा राजीनामा.

पटोलेंनंतर थेट ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत विधानसभेला अध्यक्ष नव्हता, आणि तरीही सभागृह चाललं. वरच्या सभागृहात तर हा काळ आणखी लांबला. रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि राम शिंदे यांची बिनविरोध निवड झाली ती १९ डिसेंबर २०२४ रोजी. मधली दोन-अडीच वर्षं उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज पाहिलं. त्या काळातला मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर त्यांचं पद उपसभापतीच राहू द्या. खुर्चीत बसल्या म्हणून त्या सभापती होत नाहीत.

इथे गोव्याचा एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. पणजीची मराठी वर्तमानपत्रं विधानसभेच्या प्रमुखाला सभापतीच म्हणतात. तिथे चाळीस आमदारांचं एकच सभागृह आहे, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. गोव्याची बातमी मुंबईच्या डेस्कवर ‘सुधारून’ तिथल्या सभापतींना परिषदेत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत; गोव्यात परिषदच नाही, हे त्यांच्या गावी नसतं.

हंगामी अध्यक्ष हा आणखी वेगळा प्रकार. नव्या विधानसभेत आमदारांना शपथ देण्यासाठी राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. २०१९ ला आणि २०२४ ला हे काम कालिदास कोळंबकर यांनी केलं. त्यांना सभागृहाने निवडलेलं नसतं, त्यामुळे माजी अध्यक्षांच्या यादीत त्यांचं नाव टाकू नका. उलट, विधानसभा विसर्जित झाली म्हणून मावळत्या अध्यक्षांना लगेच ‘माजी’ करायची घाईही नको. नव्या सभागृहाची पहिली बैठक भरेपर्यंत ते पदावर असतात. आमदार माजी झाले, अध्यक्ष मात्र नाहीत.

आता आकडे. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८, म्हणजे एकूण ३६६. लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा, आणि अट्ठेचाळीस सक्क दोनशे अठ्ठ्याऐंशी. एवढं डोक्यात ठेवलं की मतदारसंघांच्या याद्या तपासणं सोपं जातं. जुन्या गाइडमध्ये २८९ दिसतात, कारण तेव्हा अँग्लो-इंडियन समाजाचा एक नियुक्त सदस्य असायचा. १०४व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. परिषदेची विभागणी अशी : ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त.

पण ७८ ही मंजूर संख्या. सभागृहात प्रत्यक्ष किती जण बसतात, हा निराळा प्रश्न. राज्यपालनियुक्त बारा जागांचंच पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने नावं पाठवली, ती मंजूर झालीच नाहीत, पुढच्या सरकारने यादी मागे घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला. महापालिका-जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या तेव्हा स्थानिक संस्थांमधून निवडायच्या जागाही ओस पडत गेल्या. मतदार असलेले नगरसेवकच नाहीत, मग आमदार कोण निवडणार? अशा वेळी ‘परिषदेत बहुमतासाठी ४० लागतात’ हे गणित नुसतं कागदावरचं.

मंत्र्यांची कमाल संख्या काढताना हमखास एक चूक होते. १५ टक्के काढायचे ते विधानसभेच्या संख्येवर, दोन्ही सभागृहं मिळून नाही. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३, आणि त्यात मुख्यमंत्रीही आले. ३६६ वर हिशोब केला तर ५४ मंत्री होतील. इच्छुकांना आवडेल, ९१व्या घटनादुरुस्तीला चालणार नाही. गोव्यात चाळिसाचे १५ टक्के सहाच भरतात, पण किमान बारा मंत्र्यांची मुभा असल्याने तिथे बारा. उपमुख्यमंत्री याच आकड्यात मोजायचे. घटनेच्या लेखी ते इतर मंत्र्यांसारखेच मंत्री. महाराष्ट्रात ही सोय १९७८ साली नाशिकराव तिरपुडे यांच्यापासून सुरू झाली.

‘निवडणूक हरले म्हणजे विधिमंडळाबाहेर’ हाही असाच एक समज. राम शिंदे नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जत-जामखेडमधून थोडक्या मतांनी हरले आणि महिनाभरात सभापती झाले. ते आधीपासून परिषदेचे सदस्य होते, विधानसभेतल्या पराभवाने त्या सदस्यत्वाला धक्का लागत नाही. मुख्यमंत्री व्हायला तर आमदार असणंही सुरुवातीला गरजेचं नाही. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांत आमदार होण्याची मुदत मे २०२० अखेर संपत होती, त्यात कोरोनाने निवडणुका अडकलेल्या. अखेर १४ मे रोजी ते परिषदेवर बिनविरोध गेले. हे सहा महिने शपथेपासून मोजायचे, निकालापासून नाही.

आता १४५ कडे वळू. २८८ चं बहुमत १४५, यात वाद नाही. पण विश्वासदर्शक ठराव हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमतावर पास होतो. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मतं पडली. बेरीज करा, २६३. त्या दिवशी १३२ मतांनीही सरकार तरलं असतं. सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत खरोखर लागतं ते अध्यक्षांना हटवताना, आणि त्यासाठी १४ दिवस आधी नोटीसही द्यावी लागते. परिषदेत विश्वासदर्शक ठराव मांडला जात नाही, कारण मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते विधानसभेला. आणि विधेयकावर दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही तर संसदेसारखं संयुक्त अधिवेशन बोलावून मतदान घेण्याची सोय राज्यात नाही. शेवटी विधानसभेचंच चालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ पक्षांतराच्या बातम्यांत. ‘एक तृतीयांश आमदार फुटले की कारवाई टळते’ असं अजूनही छापून येतं. फुटीची ती पळवाट २००३ सालीच बुजवली गेली. आता दोन तृतीयांशाची अट आहे, आणि तीही दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची. नुसते दोन तृतीयांश वेगळे बसले म्हणून संरक्षण मिळत नाही. गटनेता आणि प्रतोद यांचीही अशीच सरमिसळ होते. गटनेता विधिमंडळातल्या पक्षाचं नेतृत्व करतो, प्रतोद व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षादेश, बजावतो. हा प्रतोद नेमायचा कुणी, यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं : राजकीय पक्षाने, आमदारांच्या गटाने नव्हे. माझ्या दोन प्रश्नांपैकी पहिला इथे किती महागात पडू शकतो, हे त्या वर्षभरात सगळ्यांनी पाहिलं.

विरोधी पक्षनेतेपदासाठी ‘दहा टक्के आमदार हवेतच, कायदाच आहे’ हे वाक्य जरा जपून वापरा. दहा टक्के हा लोकसभेतून आलेला संकेत. राज्याचा या पदाच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा बोलतो तो सरकारात नसलेल्या सर्वात मोठ्या पक्षाच्या आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेल्या नेत्याबद्दल. २०२४ ला विरोधकांत ठाकरेंची शिवसेना २० वर, काँग्रेस १६ वर आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १० वर थांबली. दहा टक्के म्हणजे २९, तिथपर्यंत कुणीच पोहोचलं नाही. तरी मार्च २०२५ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधव यांचं नाव दिलंच. म्हणून ‘संख्याबळ नाही, विषय संपला’ असं लिहू नका. निर्णय अध्यक्षांच्या हातात असतो, हे लिहा.

जून २०२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या आणि त्यांतला फरक भल्याभल्यांना कळला नाही. १० जूनला राज्यसभेची. तिथे मतदान खुलं असतं. आमदार मतपत्रिका भरतो, पेटीत टाकण्याआधी ती आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवतो, आणि दुसऱ्या कुणालाही ती दिसता कामा नये. अपक्षाने कुणालाच दाखवायची नाही. शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत याच दाखवण्यावरून घेतलेल्या आक्षेपात बाद झालं आणि मतमोजणी मध्यरात्रीनंतर सुरू झाली. २० जूनला परिषदेची. तिथे मतदान गुप्त. कुणी कुणाला काय दिलं, ते कुणालाच कळत नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या आमदारांनी बंड करून सुरतेची वाट धरली, तो निव्वळ योगायोग नव्हता, असं माझं मत. आणि राज्यसभेला वेगळं मत दिलं म्हणून ‘व्हिप मोडला, आमदारकी गेली’ हेही लिहू नका. पक्षांतरबंदी सभागृहातल्या मतदानाला लागू होते, या निवडणुकीला नाही.

जाता जाता : परिषदेचे आमदार राज्यसभेच्या किंवा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार नसतात. राष्ट्रपतिपदासाठी विधानसभेच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, परिषदेच्या आमदाराकडे ते मतच नाही.

आता तुमच्या-आमच्या हातातली चूक. पदवीधर मतदारसंघात ‘मागच्या वेळी नाव होतं, यंदाही असेलच’ असं धरून चालणारे शेवटी मतदान केंद्रावर वाद घालत बसतात. ही यादी प्रत्येक निवडणुकीला कोरी सुरू होते. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या जागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं, त्यांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. २०२० च्या यादीतल्या मतदारालाही पुन्हा अर्ज करावा लागतो. पदवीधरासाठी नमुना १८, शिक्षकासाठी नमुना १९. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून पदवी मिळाल्याला किमान तीन वर्षं झालेली हवीत. शिक्षकाने मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं. उमेदवार मात्र पदवीधर असायलाच हवा असं नाही, हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

मतपत्रिका हातात आली की इथे मशीनची सवय नडते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं, खिशातलं पेन काढायचं नाही. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १ हा आकडा, मराठी, इंग्रजी किंवा रोमन, चालेल तो. पुढच्या पसंती द्यायच्या की नाही, ही तुमची मर्जी. पण बरोबरची खूण केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, दोघांपुढे १ टाकला किंवा सवयीने खाली सही ठोकली, तर मत बाद.